चतकोर गोळी

बाळ आठ दिवस ओकत होतं, तेव्हा सासूबाईंनी खुशाल सुनेच्या दुधाला नावं ठेवली. आणि नवरा? मूग गिळून गप्प. शेवटी तीच बाळाला छातीशी धरून दवाखान्यात धावली.

आज कुठे बाळाच्या अंगात जीव आला होता. डॉक्टरीणबाई दोघांना समजावत होत्या, "मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत एक हार्मोन तयारच होत नाही, म्हणून अंगातलं मीठ वाहून जातं. जनुकातला हा बिघाड तुम्हा दोघांकडून आलाय. घरात आणखी कुणाला आहे?"

नवरा छताकडे बघत म्हणाला, "छे, कुणालाच नाही."

नर्सने एक गोळी पुढे केली. "ही आता जन्मभर. सध्या चतकोरच द्यायची. तोडायला अवघड असते, मी शिकवते."

लहानशी पांढरी गोळी, मधोमध रेघ. बाळाच्या आईने ती निरखून पाहिली. मग पर्समधून शिवण उसवायचं ब्लेड काढलं आणि गोळीचे चार सारखे तुकडे केले.

"अरे वा, हात बसलेला दिसतोय!"

"बसणारच," नवऱ्याकडे रोखून बघत ती म्हणाली. "यांची पित्ताची गोळी सहा वर्षं रोज सकाळी मीच तोडून देते. हीच."