बिननावाची चिठ्ठी

सन १९९६, चैत्राचा पहिला आठवडा. महाडच्या एसटी स्थानकामागच्या गल्लीत एका दाराला मला चार खिळ्यांनी ठोकलं. मी पत्र्याचा डबा. आधी माझ्यात गोडेतेल होतं. पत्र्याचं काम करणाऱ्या सदूने वर फट पाडली, खाली कुलूप बसवलं आणि तांबड्या रंगाने लिहिलं, 'बातमी टाका.'

दार एका साप्ताहिकाच्या कचेरीचं. मालक, संपादक, शिपाई सगळं एकच माणूस, महिपत. शाळा चौथीपर्यंत. बातमीदार ठेवणं त्याला पटत नव्हतं. "गावची बातमी गावाला ठाव असते," म्हणायचा. "त्यांनीच द्यायची." शिवथरची, कुडपणची माणसं बाजाराला येताना चिठ्ठी टाकून जात. बुधवारी कुलूप निघे, शुक्रवारी अंक.

नियम एकच होता. नाव नाही, तर बातमी नाही. बिननावाची चिठ्ठी महिपत चहाच्या स्टोव्हवर जाळायचा.

एकदा नाही जाळली.

१९९८ चा श्रावण. कशेडी घाटात दरड आली. इस्माईलचा ट्रक अर्धा गाडला गेला. इस्माईल महाडचाच, ट्रक स्वतःचा. त्याचा क्लीनर चांगू आत अडकला आणि मेला. त्या बुधवारी माझ्यातून चिठ्ठी निघाली, 'ड्रायव्हर क्लीनरला टाकून पळाला.' खाली नाव नव्हतं. महिपतचं पहिलं पान रिकामं होतं. त्याने ती जाड अक्षरात छापली.

चिठ्ठी कुणी टाकली, मला माहीत नाही. हात ओला होता, एवढंच.

व्यापाऱ्यांनी इस्माईलला माल देणं बंद केलं. ट्रक विकला गेला. तो घरात बसला. मग एका बुधवारी त्याची बायको बदरुन्निसा आली. तिची चिठ्ठी एका ओळीची. 'माझे घरवाले पळाले नाय. बदरुन्निसा इस्माईल, महाड.'

"बायको दुसरं काय लिहिनार?" महिपत म्हणाला आणि चिठ्ठी खणात टाकली.

ती दर बुधवारी येत राहिली. तीच ओळ, तेच नाव. सहा पावसाळे. मला त्याचं काही वाटलं असं सांगणार नाही. चिठ्ठी पडली की पत्रा वाजतो. तेवढा वाजला. पण ती बिननावाची माझ्याच पोटातून गेली होती, हे मी विसरलो नाही.

माझा रंग उडाला. तळाला गंज चढला. चिठ्ठ्या कमी झाल्या.

२००४ च्या मार्गशीर्षात महिपतची पुतणी रेश्मा मुंबईहून शिकून आली. तिने कचेरीत कॉम्प्युटर बसवला. अंक इंटरनेटवर चढवला, जुनेही चढवले. प्रत्येक बातमीखाली वाचकाला लिहायला जागा ठेवली.

"डबा हाय ना दाराला," महिपत म्हणाला.

"काका, कुवेतला कामाला गेलेला आपला माणूस तुमच्या डब्यापर्यंत हात कसा लांबवणार?"

"नाव लिहील काय तो?"

"नाव, गाव, बापाचं नाव. त्याशिवाय घेणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे ती जागा."

पंधरा दिवसांनी दरडीच्या त्या जुन्या बातमीखाली कुवेतहून अनस नावाच्या माणसाने लिहिलं, इंग्रजी अक्षरांत मराठी. नाव, गाव, बापाचं नाव, सगळं होतं. रेश्माने मोठ्याने वाचलं. 'त्या दिवशी मी मागच्या एसटीत होतो. इस्माईलभाई खाली धावत गेले, हे खरं. पण परत आले. सोबत सहा माणसं आणली होती. तोवर चांगू गेला होता.'

महिपतने चिठ्ठ्यांचा खण उघडून पाहिला. मग म्हणाला, "एकाचं ऐकून एकदा चुकलो. आता सगळ्यांना इचार."

अंकात आणि इंटरनेटवर एकच प्रश्न गेला. त्या दिवशी कशेडीत कोण होतं? काय पाहिलं? इंटरनेटवर अकरा जबाब आले, माझ्यात तीन. तिसरा घाटाच्या पायथ्याच्या बयाबाईचा. दुसऱ्याकडून लिहून घेतलेला, खाली अंगठा.

'तो मानूस माझ्या दारात आला, पहार मागितली, नि धावत वर गेला. पळनारा मानूस पहार घेऊन पळतो काय रे महिपत? आजवर मला कुनी इचारलं नाय. नि पहार पन परत आली नाय.'

महिपतने ती चिठ्ठी दोनदा वाचली.

"जुनी बातमी काढून टाकते, काका," रेश्मा म्हणाली.

"काढायची नाय. लोकांनी वाचली हाय ती. तिच्या डोक्यावर आपली चूक लिही."

शुक्रवारच्या अंकात पहिल्या पानावर, त्याच जागी, त्याच जाड अक्षरात आलं. 'इस्माईल पळाला नाही. मदत आणायला धावला. बिननावाची चिठ्ठी आम्ही छापली. चूक आमची. महिपत.' तो अंक घेऊन महिपत स्वतः इस्माईलच्या घरी गेला. खणातल्या चिठ्ठ्याही बांधून नेल्या. तिथे काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी दाराला ठोकलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईल गल्लीतून आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झाले होते. खांद्यावर पहार होती.

"कुठं निघालास?" महिपतने विचारलं.

"घाटात. पळपुटा म्हणवून त्या बाईसमोर कुठल्या तोंडाने जायचं, म्हणून ही द्यायची राहिली होती."

तो पोलादपूरच्या गाडीकडे गेला.

बुधवारी कुलूप निघालं. बदरुन्निसाची चिठ्ठी नव्हती. आत एकच होती, खाली अंगठा.

'पहार मिळाली. बयाबाई.'