घागरींच्या गराड्यात बंब

दुष्काळात साखर कारखाना बंद पडला, तवापासून त्याचा आगीचा बंब गावोगाव प्यायचं पाणी वाटत होता. घंटा ऐकली की बाया घागरी घेऊन रस्त्यात. आज दिंद्रुडला सटवाच्या कडब्याची गंज पेटली, आन् ड्रायव्हर सुग्रीवनं निघताना सवयीनं घंटा बडवली. झालं! फाट्यावर पन्नास घागरी आडव्या.

"सरका, आग लागलीय!"

"परवाबी लागलती की," अंजना हसली. "आन् तू हाटेलात भजी हाणत बसलतास!"

सुग्रीवला गाडीत बसवंना. खरं बोलायची सोय त्यानं सोताच घालवली होती. मग त्यानं नवीन थाप ठोकली, "हे प्यायचं न्हाई, मळीच्या टाकीचं धुवण हाय!"

बायडाबाई म्हातारी लई पक्की. तिनं मागच्या गळक्या नळाखाली ओंजळ धरून चाखलं. चांगलं नितळ पाणी होतं. ती तरातरा केबिनशी आली. एरवी थाप मारताना सुग्रीवच्या मिशीत हसू असायचं. आज नुसता घाम गळत होता.

"मावशे," तो हळूच म्हणला, "सटवाच्या बैलांचा सगळा चारा जळतोय. दुसरी पेंडी न्हाई त्याच्याकडं."

म्हातारी वळली आन् पचकन थुकली.

"अगं बया, मळीच हाय गं! नरडं जळलं माझं. उचला घागरी!"

बाया भराभर मागं सरल्या. अंजनानं तर वास आला म्हणून नाकाला पदर लावला, आन् बंब सुसाट सुटला.