टाकीतलं जुनं पाणी

काचेवर पांढरी रेघ धरली होती, मिठासारखी. गोरक्षनाथ नखानं ती खरवडत होता आणि रेघ सुटत नव्हती. रेघ आतून आहे, आपलं नख बाहेरून चाललंय, हे त्याला जरा वेळानं कळलं.

पाणी आटतं तिथं रेघ राहते. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सारी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर गेली. वाफ निघून जाते, क्षार मागं राहतात. वरून कितीही नवं पाणी घ्या, तळचं थोडं थोडं सोडून द्यावंच लागतं, नाहीतर नळ्या चोंदून जातात. दर पाळीला तो तळचा कॉक उघडायचा, काही मनात न आणता उघडायचा... आणि घरात, टीव्हीशेजारच्या या माशांच्या टाकीत, दिवाळीपासून तो नुसती भर घालत होता. तांब्यातांब्यानं, आटेल तेवढी. काढलं मात्र थेंबभर नाही.

कारण पाणी मनकर्णाचं होतं, त्याच्या बायकोचं.

मासे तिचे, हे सगळ्या सोनईला ठाऊक होतं. लेकीनं, धनश्रीनं, लग्न होऊन पुण्याला जाताना टाकी आणून दिली, आईला करमावं म्हणून. दर रविवारी मनकर्णा बांगड्या काढून खिडकीत ठेवायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायची. आदल्या दिवशी नळाचं पाणी बादलीत भरून ठेवायची, ब्लीचिंग पावडरचा वास उडून जावा म्हणून. म्हणायची, पाणी शिळं करतीय.

“मानसाला ताजं अन् माशाला शिळं,” तो पेपरातून मान वर न काढता म्हणायचा. “लई भारी कारभार हाय तुझा.”

“मासं उलटून बोलत न्हाईत. म्हनून त्यांची सेवा.”

मग तो ताप, नगरचा दवाखाना, आणि ते सगळं. दहाव्याला कडूअक्का, त्याची थोरली बहीण, पारनेरहून आलेली, पदर खोचून घर धुवायला लागली. सुतक फिटताना घरातलं साठवणीचं पाणी सांडायचं असतं. माठ, हंडे, मोरीतलं पिंप, सगळं तिनं अंगणात ओतलं आणि बादली घेऊन टाकीपाशी आली.

“ह्येबी पानीच हाय, गोरख.”

“त्याला हात लावू नको, अक्का.”

“आरं, बाटलंय ते. मासं काय, पडत्याल दुसऱ्या पान्यात.”

“माशांना कुठलं आलंय सुतक?”

बसलेली माणसं हसली होती. तोही हसला असेल. पण टाकीपुढून हलला नाही. अक्काला वाटलं, भाऊ माशांसाठी अडून बसलाय. तसं वाटू दिलं. माठातलं गेलं, हंड्यातलं गेलं, मनकर्णानं भरून ठेवलेला घोटही घरात उरला नव्हता. तिचा हात बुडालेलं एवढंच पाणी राहिलं होतं... हे तो अक्काला कसं सांगणार होता?

आज सकाळी तिघांतला बारका मासा वर तरंगताना दिसला. बाकीचे दोघे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते. त्यानं बारक्याला परसात पुरलं आणि मग धनश्रीला फोन लावला.

“आप्पा, पाणी कधी बदललं होतं?”

“बदलतो की.”

“खरं सांगा.”

त्यानं टाकीकडं पाठ फिरवली. धनश्रीला कळलं.

“सगळं नका काढू. एकदम बदललं तरी मरतात. पाव काढायचं, पाव भरायचं, दर रविवारी. आई करायची तसं.” मग बारीक आवाजात, “मी गुढीपाडव्याला येतेय. टाकी रिकामी नाही बघवायची मला, आप्पा.”

“व्हय,” तो म्हणाला.

पाव काढायचं. म्हणजे तिचं पाव. पुढच्या रविवारी उरलेल्यातलं पाव... हा हिशेब त्याला नको तेवढा कळत होता. काढलं नाही तर मासे जाणार, आणि मासेही तिचेच. त्यानं ताजं पाणी भरून उन्हात ठेवलं, वास जाईतो अंगणात बसून राहिला. दुपार कलली. मग नळीचं एक टोक टाकीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरून ओढलं. मनकर्णा ओढायची आणि वेळेवर तोंड बाजूला घ्यायची. त्याला जमलं नाही. तोंड भरलं.

थुंकवेना. गाल फुगवून तो तसाच उभा राहिला. हातातल्या नळीतून बादलीत धार लागली होती. त्यानं डोळे मिटले, वाट पाहिली – कशाची, ते कळेना. चिखलाची चव होती. जुन्या डबक्याची, शेवाळाची, माशांच्या विष्ठेची. अगदी लक्ष देऊन तो चव घेत राहिला. तिचं काही नव्हतं. नुसतं घाण झालेलं पाणी होतं. त्यात तिनं एक दिवससुद्धा माशांना ठेवलं नसतं.

तो थुंकला.

नवं पाणी त्यानं तांब्यानं हळूहळू सोडलं. बऱ्याच वेळानं एक मासा खाली गेला, मग दुसरा. वाचले की नाही, हे उद्या कळेल. बरं वाटायला हवं होतं. पण तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याला वाटलं, इतके दिवस निदान ती कुठं आहे हे आपल्याला माहीत होतं. बाहेरून आलं की आधी तिकडं बघायचं. आता बघायचं म्हटलं तर अख्खं घर होतं, आणि त्यात कुठं बघावं ते सुचत नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा पाव काढायचं, एवढं मात्र मनाशी धरलं होतं. कुणासाठी, हे अजून ठरत नव्हतं.