पुदिन्यातली पिल्लं

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात दौंडला पार्वतीबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पुढं जाड भिंगाचा चष्मा आला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या वरवंडच्या घरामागं, पुदिन्याच्या वाफ्यापाशी पाट टाकून बसल्या. इतकी वर्षं हा वाफा त्यांनी वासावरच सांभाळला होता. पुदिना कुठला, ओवा कुठला, हे नाकच सांगायचं. आता पानांना कडा आल्या होत्या. दवाच्या एकेका थेंबात आभाळ होतं. किती वेळ त्या नुसत्या बघत राहिल्या, त्यांनाही कळलं नाही.

मग पानांना पडलेली भोकं दिसली.

"गोगलगाय आसंल," चहा घेऊन आलेले त्यांचे मालक, साहेबराव, म्हणाले.

"तिचा चिकाट माग ऱ्हातो. इथं न्हाई."

त्यांनी देठावर नजर लावली. तांदळाच्या दाण्याएवढं, पानाच्याच रंगाचं काहीतरी चिकटून बसलेलं. डोकं मोठं, मागचे पाय घडी घातलेले, पंख नाहीत. बोट नेलं तसं ते सावकाश देठाआड सरकलं.

"नाकतोड्याची पिल्लं हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "गारठ्यानं आखडल्यात. ऊन चढलं की उड्या मारतील. मला वाकायचं न्हाई, तुमी झाडा."

साहेबरावांनी घमेल्यात साबणाचं पाणी आणलं आणि देठ झटकले. पिल्लं झोपेतल्यासारखी पडली, पाण्यावर पाय हलवत राहिली. पार्वतीबाईंनी इतक्या जवळून कुणाला मरताना पाहिलं नव्हतं.

"पाणी नको. फडक्यात झाडा आन् कॅनॉलच्या गवतात सोडून या."

"परत आली म्हंजी?"

"वाफ्यावर माझं मलमलचं पातळ घाला. कडंनी माती लावा."

साहेबराव फडकं घेऊन दोन खेपा करून आले, पातळ अंथरलं, कडा मातीनं दाबल्या. पांढऱ्या कापडाखाली पुदिना धुक्यात असल्यासारखा दिसत होता. रोज सकाळी ते कडेनं आत हात घालून राहिलेली पिल्लं वेचत आणि पार्वतीबाई पाटावरून त्यांना जागा दाखवत.

पावसाळा सरता सरता दोघांनी दोन टोकं धरून पातळ उचललं. खाली कोवळी, अख्खी पानं होती. पार्वतीबाईंनी मान वर केली.

"तुमच्या भुवया पांढऱ्या कवा झाल्या?"

"झाल्या मधीच कवातरी," साहेबराव म्हणाले, आणि त्यांना नीट बघता यावं म्हणून पातळ धरून तसेच उभे राहिले.