बाटलीभर पेट्रोल

मदनसिंगच्या जीपनं आयुष्यात दोनच कामं केली. तांड्यातल्या माणसांना मानोऱ्याच्या बाजाराला नेलं आणि पेट्रोल प्यायलं. त्यातलं दुसरं काम ती जास्त मनापासून करायची.

तांडा डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. मधे काळ्या मातीची वाट, एक नाला, आणि नाल्यापलीकडे अशी चढण की मोटारसायकलवाला मागच्याला उतरवूनच वर जातो. चारही चाकांना जोर देणारी ही जुनी जीप तेवढी माणसांसकट चढायची. मदनसिंग भाडं घेत नसे. ज्याला यायचं त्यानं बाटलीभर पेट्रोल आणायचं, आपल्या हातानं टाकीत ओतायचं आणि ऐटीत बसायचं. पंचवीस वर्षांचा हा रिवाज. त्यामुळं कुणी कुणाचं मिंधं झालं नाही.

गेल्या दिवाळीला इंजिननं हात टेकले. रिसोडचा मिस्त्री जानराव म्हणाला, आता डिझेलचंच बसवू. भंगारात निघालेल्या एका गाडीचं इंजिन त्यानं हुडकून आणलं. ते जुन्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून लेथवर मधली प्लेट करून घेतली. वजनानं जीपचं नाक खाली झुकलं, तेव्हा पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पट्टी वाढवली. आरटीओची परवानगी, टाकी धुणं, नवे पाइप, यात दोन महिने गेले. गाडी ताब्यात देताना जानरावनं एकच गोष्ट तीनदा सांगितली.

"दादा, पेट्रोल आता हिले वर्ज्य. डिझेल हेच हिच्या पंपाचं वंगण. चुकून पेट्रोल गेलं अन् तुमी इंजिन चालवलं, तं पंप गेला समजा."

मदनसिंगनं तांड्यात घरोघर जाऊन हे सांगितलं. राहिली फक्त रुखमाबाई. ती महिनाभर रिठदला लेकीकडं गेली होती.

खरा पेच वेगळाच होता. मदनसिंगचा मुलगा नवीन पुण्यात कारखान्यात नोकरीला. सहासष्ट वर्षांचा बाप चिखलात जीपखाली झोपतो, हे त्याला बघवत नव्हतं. जुन्या जीपांचा शौक असलेलं अकोल्याचं एक गिऱ्हाईकही त्यानं पाहून ठेवलं होतं. शेवटी बापलेकांत ठरलं ते असं: बाजाराच्या दिवशी भरल्या गाडीनं नाल्याची चढण विनातक्रार चढली, तर जीप राहील. नाहीतर अकोल्याला जाईल. नवीन त्यासाठी सुट्टी काढून आला होता.

मदनसिंगनं हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्याला भीती वाटत होती. जीप गेली की आपण ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारणारा म्हातारा होणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

बाजाराच्या सकाळी नऊ माणसं, दोन कोंबड्या आणि तुरीची तीन पोती जीपमध्ये बसली. नवीन पांढराशुभ्र शर्ट घालून बापाच्या शेजारी. मदनसिंगनं चावी अर्धी फिरवली. डिझेल इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा लाल दिवा लागला. तो विझायची वाट पाहत त्यानं सहज बाजूच्या आरशात नजर टाकली.

रुखमाबाई टाकीपाशी उभी होती. उलटी धरलेली बाटली हलवून शेवटचा थेंबही आत पाडत होती.

ती काल संध्याकाळीच रिठदहून आली होती. इंजिन बदललं एवढं तिच्या कानावर गेलं होतं. पण बैल बदलला म्हणून वैरण थोडीच बदलते, हा तिचा हिशेब. सकाळी उठून तिनं नातवाच्या मोटारसायकलमधून नेहमीसारखी बाटली भरून घेतली होती. तिनं टाकीचं झाकण घट्ट लावलं, पदराला हात पुसले आणि मागं येऊन बसली.

"चाल, मदन," ती म्हणाली.

रुखमाबाई साऱ्या तांड्याची याडी, म्हणजे आई. नवरा धरमसिंग गेला त्याला वीस वर्षं झाली. तेव्हापासून ती कुणाच्या बैलगाडीतही फुकट बसली नव्हती. आपल्या हातानं जीपचा घात होत होता असं नऊ माणसांत कळलं, तर ती आत्ता उतरेल आणि पुन्हा कधी चढणार नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी तीन किलोमीटर पायी जाईल. मदनसिंग तिला पुरतं ओळखून होता.

त्यानं चावी मागं फिरवली.

"उतरा जरा समदे. इंजिनात काहीतरी बिघडलं वाटते."

नवीननं त्याच्याकडं पाहिलं. "बा, तू तं सुरूच नाही केलं. बिघडलं कसं समजलं तुले?"

टाकीत पेट्रोल पडलं, एवढं सांगितलं की पुरे होतं. त्या एका वाक्यात जीप वाचत होती आणि त्याच वाक्यात म्हातारी कायमची तुटत होती. मदनसिंग कॅन घेऊन टाकीपाशी गेला. माणसं कुरकुरत लिंबाच्या सावलीला बसली. कुणीतरी म्हणालंच, "जुनं इंजिन बरं होतं बाप्पा."

नवीन मागोमाग आला. झाकणाशी वाकला आणि थबकला. पेट्रोलचा वास लपत नाही. त्यानं बापाकडं पाहिलं, मग लिंबाखाली मांडीवर रिकामी बाटली घेऊन बसलेल्या रुखमाबाईकडं. मदनसिंगनं हळूच मान हलवली. नको.

नवीननं अकोल्याच्या गिऱ्हाइकाला आत्ता फोन लावला असता, तरी बाप आड येणार नव्हता. पण त्यानं बाह्या सारल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बा, चूक माही आहे. काल मीच फिल्टर खोलला होता. ढिला राह्यला असन. दे तो पाना."

आणि तो पांढरा शर्ट थेट जीपखाली शिरला.

मदनसिंगनं मान वळवून उगाच पुढचा टायर दाबून पाहिला.

टाकी रिकामी करायला आणि तांड्यातल्या भाऊसिंगच्या ट्रॅक्टरमधून डिझेल आणून भरायला पाऊण तास लागला. मग हीटरचा दिवा लागला, विझला, आणि इंजिन जड आवाजात सुरू झालं. नाल्याच्या चढणीला मदनसिंगनं पहिला गिअर टाकला. जीप थरथरली नाही, मागं सरकली नाही. कोंबड्यासुद्धा ओरडल्या नाहीत. वर आल्यावर नवीननं मागं वळून चढण पाहिली. मदनसिंगनं त्याला निकाल विचारला नाही, कारण चढण चढली तरी 'विनातक्रार' या शब्दावर मुलगा अडू शकत होता.

दुपारी सगळे परत आले, सामान उतरलं, माणसं पांगली. रुखमाबाई तेवढी गेली नाही. बाजारातल्या नळावर धुतलेली रिकामी बाटली घेऊन ती नवीनसमोर उभी राहिली. त्याच्या काळ्या झालेल्या शर्टाकडं तिनं निरखून पाहिलं.

"तुमी बापलेक खोटं बोलाले लय कच्चे आहा," ती म्हणाली. "कॅन उघडा ठेवला होता. वास मलेबी येते."

तिनं बाटली नवीनपुढं धरली.

"पुढच्या बाजारी यात काय भरून आणू, ते सांग."

मदनसिंगनं मुलाकडं पाहिलं. जीपला पुढचा बाजार आहे की नाही, हे त्यालाही आत्ताच कळणार होतं.

नवीननं बाटली हातात घेतली, उघडून नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं.

"ही नको, याडी, हिचा वास जात नाही. दुसरी घेजो," तो म्हणाला. "अन् डिझेल आणजो."