नंदेसरीवरचं निळं आकाश

रसिकाची नोकरी हसण्याची होती, आणि तेसुद्धा स्वतःच्या तोंडानं नाही. बडोद्याच्या अकोटा भागातल्या एका थंडगार ऑफिसात ती हेडफोन लावून बसायची आणि पडद्यावरची रेचेल नावाची गोरीपान मुलगी हसायची.

साल होतं २००८. इंटरनेटवरच्या व्हिस्टालँड नावाच्या दुनियेचं तेव्हा भारी कौतुक चाललं होतं. माणसं घरबसल्या तिथे शिरत, मनासारखं शरीर घेत, खऱ्या पैशांनी खोटी जमीन विकत घेऊन तिच्यावर दुकानं थाटत. पुढारी तिथे सभा घ्यायला लागले होते. बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका रंगरसायनांच्या कंपनीनंही तिथे आपला कारखाना उभा केला होता. युरोपातली गिऱ्हाइकं बडोद्याला यायच्या ऐवजी तिथेच यायची आणि रेचेल त्यांना फिरवून आणायची. चिमणीतून धूर नाही, सांडपाण्याच्या जागी कमळांचं तळं, आणि वर इतकं निळं आकाश, की नंदेसरीत जन्म गेलेल्या माणसानं ते कधी पाहिलं नसेल.

रसिकाचे वडील गजेंद्र त्याच कंपनीच्या खऱ्या कारखान्यात होते. तरुणपणी धुळ्याहून आले, कायम झाले. मग नवीन धोरणांचं वारं सुटलं. कंपनीनं जुन्या कामगारांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली आणि थोड्याच दिवसांत त्याच कामावर ठेकेदाराची माणसं म्हणून परत घेतलं. रसायनाची टाकी तीच, पाळी तीच, फक्त गजेंद्र आता कंपनीचे कुणी नव्हते.

मे महिन्यात भर दुपारी त्या टाकीचा व्हॉल्व्ह तुटला. पिवळा वायू खाली काम करणाऱ्यांच्या अंगावर उतरला. त्यांच्यातला निहार, शेजारच्या कमळाबाईंचा थोरला मुलगा, दवाखान्याच्या वाटेवरच गेला. गजेंद्रना ऑक्सिजनवर ठेवलं. श्वास घेताना त्यांच्या छातीतून ओली लाकडं फाडल्यासारखा आवाज येई, आणि सुनंदा, रसिकाची आई, तो आवाज ऐकत स्टुलावर बसून राही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. ‘कंपनीच्या एकाही कर्मचाऱ्याला इजा झालेली नाही.’

रसिकानं ती ओळ वाचली आणि तिच्या कानशिलांत आग पेटली. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. निहार कंपनीचा कर्मचारी नव्हता, बाबाही नव्हते. माणूस मारायचा आणि तो आपला नव्हताच म्हणायचं, याची सोय या लोकांनी कितीतरी आधीच करून ठेवली होती.

गजेंद्रबरोबर काम करणारा मुकुंद कामगारांच्या घरच्या बायकांना घेऊन कारखान्याच्या गेटवर गेला. तिथे जमावबंदी लागली होती. “मुकुंदभाई, घेर जाव, घरी जा,” फौजदार म्हणाला. “इथे गर्दी केलीत तर सगळ्यांना गाडीत घालीन.”

संध्याकाळी रसिकाच्या साहेबांचा, सौमित्रचा, फोन आला. रावपुऱ्यातल्या जुन्या, शिकलेल्या घरातला माणूस, बोलणं लोण्यासारखं.

“बाबांचं ऐकून फार वाईट वाटलं गं. पण गुरुवारी तुला यावंच लागेल. युरोपचे लोक आपल्याला पर्यावरणाचा पुरस्कार देणार आहेत, व्हिस्टालँडमध्येच. मंत्रीही येणार आहेत तिथे. रेचेल दुसऱ्या कुणाला जमत नाही.”

“सर, गेटवर पोलिस आहेत.”

“कुठल्या गेटवर? अगं, आपलं गेट साऱ्या जगाला उघडं असतं!” तो हसला.

रसिकानं दवाखान्याच्या पायरीवर फोन बंद केला. मग आत जाऊन मुकुंदला म्हणाली, “काका, एक गेट आहे. तिथे जमावबंदी नाही.”

रावपुऱ्यातल्या एका सायबर कॅफेत तिनं बायकांना बसवलं. बाण दाबला की चालायचं, हे बटण दाबलं की बसायचं. सुनंदाच्या पडद्यावर जीन्स घातलेली एक सडपातळ पोरगी उभी राहिली.

“ही कोण?”

“ही तू, आई.”

“ही? हिला पोट नाही, पांढरा केस नाही. हिचा नवरा मेला काय नि जगला काय, कोण विचारणार हिला? मला जाडी कर. आणि साडी नेसव.”

रसिकानं केली. सगळ्यांना करता करता तिची बोटं दुखायला लागली. कमळाबाई यंत्राला हात लावायला तयार नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “डोक्यावर ते नाव दिसतं, ते कुठलंही लिहिता येतं का?” आणि लेकाचं नाव लिहायला सांगितलं. त्यांची बटणं मुकुंद दाबणार होता.

गुरुवारी दुपारी रेचेल तळ्याकाठी उभी राहून पाहुण्यांचं स्वागत करत होती. मंत्र्यांचा पडद्यावरचा अवतार आला. खऱ्यापेक्षा बारीक, डोक्यावर दाट केस. गांधीनगरात कुणीतरी अधिकारी त्यांच्या वतीनं बटणं दाबत असणार. स्वच्छ उद्योगांवर भाषण झालं, टाळ्यांचा आवाज झाला.

मग गेटातून पांढऱ्या साड्या आल्या. एक भिंतीला धडकत होती, एक सरळ तळ्यात गेली. पाहुण्यांना वाटलं, लोकनृत्य असेल. बायका मंचासमोर येऊन खाली बसल्या. सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती आणि तिच्या डोक्यावर नाव तरंगत होतं, निहार.

रसिकानं मंचावरचा माईक आईला दिला.

“ऐकू येतं का?” सुनंदाचा जाडाभरडा आवाज त्या गुळगुळीत दुनियेत घुमला. “मी सुनंदा. तुम्ही बसलाय ना, तिथे तळं नाही. तिथे टाकी आहे. ती फुटली. माझ्या माणसाची छाती जळाली. हिचा पोरगा गेला. आणि हे म्हणतात, कुणाला काही झालंच नाही!”

रसिका एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. सुरुवातीला शिकवलेल्या त्या गोड, परदेशी सुरात. मग तो सूर फाटला आणि जगभरच्या पाहुण्यांनी रेचेलला रसिकाच्या आवाजात ओरडताना ऐकलं, की ही माझी आई आहे, आणि तो माणूस माझा बाप आहे.

सौमित्र केबिनमधून धावत आला. “माईक बंद कर! रसिका, वेड लागलं का तुला?”

“नाही करणार.”

“नोकरी जाईल तुझी!”

“कुणाची? माझी की रेचेलची?”

त्यानं वायर खेचली. पडदा काळा झाला. घामानं भिजलेला सौमित्र वायर हातात धरून तसाच उभा राहिला, आणि रसिका पर्स उचलून बाहेर पडली.

पुढचं तिला मुकुंदनं सांगितलं. बेल्जियमच्या एका खरेदीदारानं विचारलं, निहार कोण? मुकुंदनं एका बोटानं टाइप केलं, हिचा मुलगा, मेला, तुमचा रंग बनवताना. मग कंपनीच्या तंत्रज्ञांनी बायकांना एकेक करून पुसून टाकलं. निहार सगळ्यांत शेवटी गेला. कॅफेत कमळाबाईंनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर होती. रंगीत चित्रासकट. ‘बडोद्याच्या गृहिणींचं जगातलं आगळं धरणं!’ खऱ्या वायूला चार ओळी मिळाल्या होत्या, खोट्या साड्यांना अर्धं पान मिळालं. निहारचं नाव त्यातही नव्हतं. आदल्या दिवशी मंत्र्यांनी यात परदेशी हात असल्याचं सांगितलं होतं. आता ते म्हणाले, राज्यातल्या बहिणी संगणकात किती पुढे गेल्या आहेत, याचा अभिमान वाटतो. युरोपच्या लोकांनी मागणी थांबवली, तेव्हा कंपनीनं ‘माणुसकीच्या नात्यानं’ दवाखान्याचा खर्च उचलला. अपघात झाला, हे मात्र कबूल केलं नाही.

टीव्हीवाले दवाखान्यात आले. एक तरणा वार्ताहर सुनंदाला म्हणाला, “आंटी, एक बार फिर से कम्प्यूटर पे बैठिए ना. छोटासा शॉट.”

सुनंदानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत वॉर्डात नेलं. “हा बघ. हा दिसतो का तुझ्या कॅमेऱ्यात?”

ऑक्सिजनच्या मुखवट्यावरून गजेंद्रचे डोळे त्याच्याकडे पाहत होते. वार्ताहर चुळबुळला. “इथे शूटिंगची परवानगी नसते, आंटी. आणि चॅनलला तेच हवंय, ते कम्प्यूटरवालं.”

“काय हवंय?” रसिका दारातून गरजली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. “माणूस खरा मेला तर तुम्हाला परवानगी लागते! आणि आम्ही खोट्या अंगानं खोट्या जमिनीवर बसलो की गाड्या घेऊन धावत येता! म्हणजे आता आम्हाला दुखलं, तर कार्टून होऊन सांगायचं का तुम्हाला?”

वार्ताहरानं कॅमेरावाल्याला खूण केली आणि दोघं निघून गेले. नर्सनं रसिकाला आवाज कमी करायला सांगितलं. तिनं तो केला नाही.

गजेंद्र घरी आले. मोरीपर्यंत गेले तरी भिंतीला हात लावून थांबायला लागे. कंपनीनं व्हिस्टालँडमधली जागा विकून टाकली, तिथे कुणीतरी बुटांचं दुकान काढलं म्हणे. नंदेसरीतली टाकी व्हॉल्व्ह बदलून पुन्हा सुरू झाली. रसिका एका वकिलाकडे टायपिंग करायला लागली आणि मुकुंदच्या बरोबरीनं तिनं कामगार न्यायालयात दावा लावला.

पहिल्या तारखेला कंपनीचे वकील उठून म्हणाले, “हे आमचे कर्मचारीच नाहीत.”

“मग बारा महिने तुमच्या टाकीवर कोण उभं होतं?” रसिका मागच्या बाकावरून ताडकन उठली.

“खाली बसा,” शिपाई म्हणाला.

ती उभीच राहिली. मग शेजारी सुनंदा उठली, गुडघ्यावर हात टेकत कमळाबाई उठल्या. न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिघींकडे पाहिलं, दमात घेतलं आणि पुढची तारीख दिली, पावसाळ्यानंतरची.

बाहेर जिन्यावर सुनंदानं पदरानं तोंड पुसलं. “आपण यायचं,” ती म्हणाली. “प्रत्येक वेळी यायचं. ह्याच अंगानं.”