खंडेनवमीची सुट्टी

विनायकराव आंघोळ करून आले आणि ओला पंचा हातात धरून दारातच थिजले. कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू लागलं होतं, वर झेंडूचं फूल होतं आणि आतली घरघर बंद होती.

"भिंतीवरचं बटण बंद केलं मी," मालतीबाई म्हणाल्या. "रात्रभर घुरघुरत होता. आज खंडेनवमी. शिलाई मशीन, विळी, अडकित्ता, सगळ्यांना सुट्टी. यालाच का नाही?"

विनायकरावांचा जुना कॉम्प्युटर एक फाईल उघडेपर्यंत कपातला चहा निवायचा. मासिकात वाचून काल संध्याकाळी त्यांनी डिफ्रॅग लावलं होतं, म्हणजे हार्ड डिस्कवर विखुरलेले फायलींचे तुकडे उचलून एका जागी लावण्याचं काम. ते चालू असताना वीज तोडू नका, असं तिथं ठळक छापलं होतं. कॉम्प्युटरचा पडदा मात्र त्यांनीच बंद ठेवला होता आणि बायकोला सांगायचं राहून गेलं होतं. नेहमीसारखंच.

"सरुताई होती त्यात," ते कसेबसे म्हणाले.

सरुबाई त्यांची थोरली बहीण, फोपनार गावी दिलेली. तिच्या गोष्टी त्यांनी रेकॉर्ड केल्या होत्या. ती उन्हाळ्यात वारली. सीडी काढू, काढू म्हणत तेही राहिलं होतं.

मालतीबाईंचा चेहरा उतरला. नणंदेशी त्यांचं जन्मात पटलं नव्हतं.

"लावा मग."

"आज हत्याराला हात लावत नाहीत. तूच म्हणतेस."

"लावा म्हणते ना."

त्यांचं बोट काही पुढे होईना. शेवटी मालतीबाईंनीच भिंतीवरचं बटण लावलं, पडदा चालू केला आणि फूल बाजूला करून डब्याचं बटण दाबलं. निळ्या पडद्यावर डिस्क तपासत असल्याची पांढरी अक्षरं सरकू लागली. मग पडदा उजळला. विनायकरावांनी पहिली गोष्ट लावली.

"आयक रे इनायक," सरुबाईचा आवाज आला, "केळीच्या बागात एक कोल्हा व्हता..."

"अन् त्याची बायको व्हती भलती खट," मालतीबाई पुटपुटल्या.

पाठोपाठ सरुबाईही तेच म्हणाली.

विनायकराव वळून बायकोकडे बघतच राहिले. मघाचा धक्का याच्यापुढे काहीच नव्हता.

"तू कधी ऐकलंस?"

"तुम्ही दुपारी वाचनालयात जाता तेव्हा." त्यांनी पदरानं कुंकवाचं बोट पुसलं. "मेला उघडायला फार वेळ लावायचा. आज वन्सं लवकर बोलल्या."

पंचा अजून विनायकरावांच्या हातातच होता, फरशीवर ठिबकत.